केशरात न्हालेली चिमणी

ही कथा अक्षरन् अक्षर खरी आहे, शपथेवर सांगतो. भगवंतांनी ती जेतवनात एका भिक्षूला उद्देशून सांगितली. हा भिक्षू प्रवचनात इतकी कमळे फुलवी की ऐकणाऱ्याला तळे कुठे आहे तेच कळत नसे. जेतवनात नसेल, तर वेणुवनात सांगितली असेल. मी काही तिथे नव्हतो. पण खरी आहे.

पूर्वी पोतन नगरात सुषेण राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका राखणदाराच्या घरी जन्मले होते. त्यांचे नाव रोहक. ज्वारीच्या शेतात मचाणावर बसायचे आणि गोफण फिरवून पाखरे उडवायची, हे त्यांचे काम. त्या काळी तिथे ज्वारी होती का, असे विचारू नका. मचाण होते एवढे नक्की.

त्याच नगरात पुष्पकंठ नावाचे राजकवी होते. वीस वर्षांत त्यांनी राजहंस आणि मोर सोडून एकाही पक्ष्याला आपल्या काव्यात पाय ठेवू दिला नव्हता. राजहंस त्यांनी कधी पाहिला नव्हता, हा भाग वेगळा.

राजाची म्हातारी आई पाच वर्षांपासून आंधळी होती. तिच्या महालाच्या खिडकीत एक कुंडी होती. तिच्यातले झाड केव्हाच वाळून गेले होते, नुसती माती उरली होती. रोज दुपारी तिथे काहीतरी फुरफुरे, झटापट करी. राजमाता कान लावून बसे. तिच्या अंधारात तेवढीच एक सोबत होती.

एक दिवस तिने पुष्पकंठांना बोलावले. "कविराज, माझ्या खिडकीत हे काय चालतं रोज?"

पुष्पकंठांनी डोळे मिटले आणि सुरू केले, "राजमाते, मोत्यांचा चारा टिपणारा तो शुभ्र राजहंस..."

"मोती खातो? पोट नाही दुखत त्याचं?"

पुष्पकंठ उपरणे सावरू लागले. राजमाता पुढे म्हणाली,

"दासींना विचारलं तर म्हणतात, काही नाही, चिमण्या आहेत. हे 'काही नाही' म्हणजे काय, ते मला कोणीतरी सांगा."

राजा शेजारीच उभा होता. तो म्हणाला, "कविराज, उद्या दुपारपर्यंत माझ्या आईला खरं काय ते सांगा. नाही जमलं तर नगर सोडा."

 आता तुम्ही म्हणाल, चार पावलांवर खिडकी होती, जाऊन बघायचे. पण वीस वर्षे डोळे मिटून कविता केलेल्या माणसाला ते सुचले नाही. त्यांनी दासीला विचारले, चिमण्यांतले जाणकार कोण? ती हसून म्हणाली, "शेतावर जा. तो रोहक दिवसभर त्यांच्याशीच बोलतो."

सकाळी पुष्पकंठ धोतर सावरत मचाणावर चढले.

"हळू, कविराज, ती फळी हलते," रोहक म्हणाले.

"चिमणीत सांगण्यासारखं काय आहे, ते झटपट सांग."

"काय नाही ते विचारा. ती साळुंकी बघा, व्याह्यांकडे आल्यासारखी एकेक पाऊल टाकत चालते. आणि चिमणी? तिला चालताच येत नाही. जाईल तिथे दोन्ही पायांनी उडी."

पुष्पकंठ पुढे वाकले. खरेच की! पन्नाशी उलटली, हे कधी दिसले नव्हते.

"आणि त्या बांधाच्या कडेला बघा. धुळीत खळगा करून न्हातायत. खळगा एक, गिऱ्हाईकं पाच. ती तिसरी बघा, झालं तरी निघत नाही. आता भांडण."

भांडण झाले. पुष्पकंठांनी मांडीवर थाप मारली. मग एक थवा कणसांवर उतरला. रोहकांनी गोफण फिरवून फट् आवाज काढला, थवा भुर्रकन उडाला.

"दगड नाही घातलास?"

"आवाजानं उडतात की. मारल्या तर उद्या बघायचं काय?"

पुष्पकंठ धावतच परतले. वाटेत ओळी भराभर सुचत होत्या. साळुंकी बसली, उड्या बसल्या, भांडण तर झकास बसले. फक्त एक शब्द घशाखाली उतरेना: धूळ. राजसभेत धूळ कशी न्यायची? वीस वर्षांत नेली नव्हती. त्यांनी धूळ काढली आणि तिथे केशर घातले.

दुपारी महालात सगळे जमले. राजमाता साळुंकीला हसली, उड्यांना हसली. पाच चिमण्यांचे भांडण आले तेव्हा तिने दासीचा हात घट्ट धरला. आणि कविराज म्हणाले, "अशी केशरात न्हाते चिमणी."

राजमातेने हात सोडला.

"केशर? माझ्या कुंडीत? शिंकून शिंकून मरेल बिचारी. ती पंख झाडते ना, तेव्हा माझ्या तोंडावर माती उडते, कविराज. पाच वर्षं उडते आहे."

राजाचा चेहरा लाल झाला. "आईला दिसत नाही, म्हणून काहीही सांगता?"

पुष्पकंठांनी मान खाली घातली. "महाराज, धूळ रोहक राखणदाराची होती. केशर माझं."

रोहकांना बोलावून आणले. राजा म्हणाला, "आजपासून राजकवी तू. घर, वस्त्रं, मान, सगळं तुझं. आणि हे आत्ता नगर सोडतील."

रोहकांनी पुष्पकंठांकडे पाहिले. 

"महाराज, मी आलो तर कणसं कोण राखणार? पद नको. एकच मागतो. जाण्याआधी त्यांना त्या खिडकीपर्यंत जाऊ द्या. कुंडीत कोणी आलंय, ऐकू येतंय."

राजाने मान डोलावली. पुष्पकंठ खिडकीशी गेले. डोळे मिटायची सवय, ते आपोआप मिटले. त्यांनी ते जोर लावून उघडले.

"काय आहे?" राजमातेने विचारले.

"चिमणी आहे." ते आणखी पुढे वाकले. "कुंडीत न्हाली. धुळीनं पाठ भरली आहे. आता उडी मारून खिडकीत ठेवलेल्या तुमच्या फणीवर बसली. फणीत तुमचा एक पांढरा केस अडकला आहे. ओढते आहे. निघत नाही. पाय रोवून ओढते आहे. निघाला! लांब आहे, चोचीतून दोन्हीकडे लोंबतोय. चालली. वळचणीला घरटं आहे, तिथे गेली."



मग म्हातारी हळूच म्हणाली, "म्हणजे यंदा पिल्लं माझ्या केसावर निजणार." आणि ती इतकी हसली की दासींनाही हसू आवरेना. "सुषेणा, यांना कुठेही पाठवायचं नाही. रोज इथे बसवायचं. डोळे उघडे ठेवून."

रोहक तेवढ्यात निघून गेले होते. पाखरांची उतरायची वेळ झाली होती.

कथा संपवून भगवंत म्हणाले, "तेव्हाचा पुष्पकंठ हा कमळे फुलवणारा भिक्षू. राजमाता म्हणजे रोज दाराशी भात घेऊन येणारी म्हातारी उपासिका. सुषेण राजा तिचा मुलगा. आणि रोहक मीच होतो." ज्याचे पद आपल्याला मिळत होते, त्यालाच बघायला शिकवले, ही मैत्री पारमिता, म्हणजे मैत्रीची पराकाष्ठा.

आता कबुली. राजा, महाल आणि नगर मी रचले. राजाशिवाय कथा कोणी ऐकत नाही. जेतवनही मीच घातले. पण ती कुंडी, ती आंधळी म्हातारी आणि चोचीतून दोन्हीकडे लोंबणारा तो पांढरा केस, यांत माझे काही नाही. ते जसे दिसले तसे सांगितले.