पहिली होडी

“किती दिवस झाले त्या पत्राला?” मार्तंड सरांनी विचारलं.

“नऊ.”

“आणि उत्तर?”

शाल्मलीने मांडीवरचा लॅपटॉप उगाच उघडला, पुन्हा मिटला. तिच्यापुढच्या दुपारच्या चहावर साय धरली होती.

“चौकशी चालू आहे, सर. दोष तिथल्या डिस्कचाही असू शकतो.”

सर ओटीवर, खाडीकडे तोंड करून बसून राहिले…

काचबिंदूने त्यांचे दोन्ही डोळे गेले त्याला सहा वर्षं झाली होती. चष्मा मात्र सुटला नव्हता. रोज सकाळी काचा पुसून ते तो डोळ्यांवर चढवत आणि इथे येऊन बसत.

संगणकाच्या गाभ्यात एक प्रणाली असते. बाकी सगळं तिच्या जिवावर चालतं. तिचा एक थर मार्तंड जोगळेकरांनी तेवीस वर्षं राखला होता. वर माणसं लिहितात, खाली डिस्क ते साठवते, आणि मधला हा थर दोघांमध्ये ने-आण करतो. जगभरातून लोक त्यात दुरुस्त्या सुचवत. सर त्या वाचत, काही घेत, पुष्कळशा परत पाठवत. डोळे गेल्यावर ही राखण त्यांनी शाल्मलीच्या हाती दिली. तिच्यासारखी तीच, असं सगळे म्हणत.

तीही तसंच समजून होती. नऊ दिवसांपूर्वीपर्यंत.

“पत्र वाच,” सर म्हणाले.

“फोनवर वाचलं होतं ना मी.”

“पुन्हा वाच.”

तिने वाचलं. पत्र दूरच्या एका देशातून आलं होतं, डोंगरातल्या एका लहान दवाखान्यातले संगणक सांभाळणाऱ्या माणसाकडून. भाषा अदबीची होती. त्याने लिहिलं होतं, की आमच्या इथल्या एका परिचारिकेने एका सुताराच्या नावापुढे नोंद केली, ‘याला हे इंजेक्शन चालत नाही.’ पडद्यावर ‘जतन झालं’ असं उमटलं, आणि त्याच क्षणी वीज गेली. वीज आली तेव्हा नोंद नव्हती. दुसऱ्या दिवशी पाळी बदलली, नव्या परिचारिकेने तेच इंजेक्शन दिलं. सुतार गेला. वय एकेचाळीस. पहिली परिचारिका शपथेवर सांगते आहे की मी लिहिलं होतं. कुणी विश्वास ठेवत नाही, तिला कामावरून काढलं आहे. यंत्र खोटं बोलत नाही, असं सगळे म्हणतात. तुमचं नाव त्या भागाचे राखणदार म्हणून दिसलं, म्हणून विचारतो. तिने लिहूनही ते गेलं असेल, असं होऊ शकतं का?

शेवटी त्याने आभार मानले होते.

वाचून तिने लॅपटॉप मिटून बाजूला ठेवला.

“तुझ्या त्या दुरुस्तीचं सांग,” सर म्हणाले. “सात वर्षांपूर्वीच्या.”

“तुम्हाला काय सांगायचं? तुम्हीच तर…”

“हुसेनला सांगशील तसं सांग.”

हुसेनभाई म्हणजे खाडीवरचा होडीवाला. सकाळी तोच तिला घेऊन आला होता. “सर हायत ओटीवर, बाय,” वल्हं मारता मारता तो म्हणाला होता. “रोज बसतात. कुणाची वाट बघतात, अल्ला जाने. बघायला डोलं तरी कुठं हायत?”

शाल्मली सांगू लागली.

“डिस्क लबाड असते, सर. आपण काही लिहायला दिलं की ती ते आधी नुसतं हातात धरते. वीज गेली तर हातातलं सांडतं. म्हणून आपण वरून हुकूम देतो, की हातातलं सगळं खाली उतरव आणि मगच ‘झालं’ म्हण.”

“बरं.”

“पण या हुकमाला वेळ लागतो. शंभर जण लिहीत असले की शंभर हुकूम, एकामागे एक. सगळे खोळंबतात. मी म्हटलं, एक हुकूम चालूच आहे, तर दुसरा कशाला? पहिला पुरा झाला की दोघांनाही ‘झालं’ सांगून टाकू.” सांगता सांगता तिची पाठ नकळत ताठ झाली. “तीस टक्के वेग वाढला, सर. तीस!”

“टाळ्या पडल्या होत्या.”

“हो.”

“कुणी काही विचारलं नव्हतं?”

तिची पाठ पुन्हा वाकली.

“एकाने विचारलं होतं… नवखाच होता. पहिला हुकूम सुटल्यानंतर दुसऱ्याचं लिखाण डिस्कच्या हातात पडलं तर काय, म्हणून.”

“मग तू काय म्हणालीस?”

“आधी वाचून या, मग बोला.”

“त्याला एकट्याला?”

“सगळ्यांसमोर. सगळ्यांना पत्रं जातात, त्या यादीवर.”

“परत आला तो?”

“नाही.”

खाली धक्क्यावर कुणीतरी जाळं झटकत होतं. त्याचा फटफट आवाज वर येत होता. तो थांबल्यावर सरांनी विचारलं,

“सकाळी कुठल्या होडीने आलीस?”

“दुसऱ्या.” या प्रश्नाचं तिला नवल वाटलं. “पहिली नुकतीच सुटली होती. मी धावत गेले, हाका मारल्या. हुसेनभाईंनी नुसता हात केला. पुढच्या खेपेला, म्हणाले.”

“ती पहिली होडी इकडे लागली, ते मी ऐकलं. धक्क्याला घासली. माणसं उतरली.”

“हो.”

“तेव्हा तू कुठे होतीस?”

“मी? पलीकडेच. काठावर…”

आणि ती थांबली.

उघडलेलं तोंड तिने मिटलं नाही. पाण्याकडे बघत राहिली. होडी या काठाला टेकलेली, आणि आपण त्या काठावर, चप्पल हातात घेऊन उभ्या…

“आणि हुसेन तुला ओरडून म्हणाला असता, ‘बाय, पोचलीस गं!’ तर?”

पहिला हुकूम पोचला होता, त्या बाईचं लिखाण काठावरच होतं. नऊ दिवस ती आकडे तपासत होती, डिस्कच्या कंपन्यांची नावं धुंडाळत होती, आणि प्रत्येक रात्री थोडा वेळ तरी तिला स्वतःचं म्हणणं पटत होतं. आता ते पटेना.

“तिने लिहिलं होतं,” ती म्हणाली. “त्या बाईने खरंच लिहिलं होतं, सर.”

“हं.”

“मी मारलं त्या सुताराला.”

सर ‘नाही’ म्हणाले नाहीत.

‘नाही’ म्हणतील, असं तिला वाटलं होतं. एवढ्याचसाठी ती दोन एसट्या बदलून आली होती, हे तिचं तिला आत्ता कळलं.

“दुरुस्ती केलीस?” त्यांनी विचारलं.

“केली. गेल्या गुरुवारीच पाठवली. चार ओळींची तर होती.”

“मथळा काय दिलास?”

शाल्मलीने खाली मान घातली.

या प्रणालीवर काम करणाऱ्यांमध्ये एक रिवाज आहे. जुनी चूक सुधारायची, तर ती कुठल्या बदलाने झाली आणि कुणाच्या, ते नव्या दुरुस्तीवर स्पष्ट लिहायचं. जुनं काही पुसता येत नाही. मागचं मागे तसंच राहतं, नावासकट.

“शाल्मली, मथळा काय दिलास?”

“…किरकोळ साफसफाई.”

सरांनी चष्मा काढला. धोतराच्या सोग्याने काचा पुसल्या, फार हळू, जणू त्यांतून काही दिसणार होतं. पुन्हा घातला.

“मला यातून मोकळं करा, सर,” ती एकदम म्हणाली. “राखणदारांच्या यादीतून माझं नाव काढायचं लिहूनच आणलंय मी. एका ओळीचं काम. तुम्ही हो म्हणा, मी लगेच पाठवते. दुसरं कुणीतरी बघेल. मला नाही जमत. वाळवंटात बसून वाळू राखायची, आणि कुणाच्या डोळ्यात गेली की मगच आपली आठवण होणार.”

“यापुढच्या कामावरून नाव निघेल.”

“आणि मागचं?”

“सात वर्षांपूर्वीच्या त्या दुरुस्तीवर तुझी सही आहे. तिच्याखाली कुणाची आहे?”

तिला ते पाठ होतं. नऊ दिवसांत ती ओळ तिने शंभरदा पाहिली होती आणि दर वेळी पुढे सरकली होती.

“तुमची.”

“तेव्हा मला दिसत होतं,” सर म्हणाले. “तीनदा वाचली मी. त्या नवख्याचा प्रश्नही वाचला.”

“मग बोलला का नाहीत?”

“मलाही तीस टक्के आवडले.”

खाडीवरचं ऊन पिवळं पडत चाललं होतं. ओहोटी लागली होती, काठचा चिखल उघडा पडू लागला होता.

“सात वर्षं, सर,” ती पुटपुटली. “किती यंत्रांत असेल ते. आणि किती ठिकाणी वीज गेली असेल. मग बाकीच्यांची पत्रं कशी आली नाहीत?”

“कशी येतील? लोकांना वाटतं, आपणच लिहायला विसरलो.”

ती रडली. आवाज न करता, ओढणीचं टोक तोंडावर दाबून. सरांनी तिला रडू दिलं. थोपटलं नाही, पाणी आणा म्हणून आत हाक मारली नाही.

रडणं ओसरल्यावर तिने नाक पुसलं.

“पत्राला उत्तर लिहिलं, तर तो सुतार परत येणार आहे?”

“नाही.”

“त्या बाईला परत कामावर घेतील?”

“कुणास ठाऊक. नसतील घेत.”

“तिला ते कळेल तरी?”

“पत्र त्या माणसाला जाईल. तो सांगेल, किंवा नाही सांगणार.”

“मग लिहायचं कशाला?”



“एकोणीस वर्षांपूर्वी मला असंच एक आलं होतं,” ते म्हणाले. “तेव्हा माझी चूक होती. मी लिहिलं.”

“मग?”

सरांनी हात पुढे करून लॅपटॉप चाचपला, त्याचं झाकण उघडलं आणि तो तिच्याकडे सरकवला.

शाल्मलीने आधी मथळा दुरुस्त करायला घेतला. ‘किरकोळ साफसफाई’ पाठवून झालंच होतं, ते आता पुसता येत नव्हतं. म्हणून तिने सगळ्यांना एक वेगळं टिपण लिहिलं. ती साफसफाई नव्हती, ती माझी चूक होती, हा तो बदल, ही माझी सही. सात वर्षांपूर्वी ज्याने प्रश्न विचारला होता, त्याचं नाव शोधून तिने वर घातलं आणि लिहिलं, की याने तेव्हाच विचारलं होतं. टिपण गेलं.

मग पत्र. तीनदा लिहून खोडलं. पहिल्यात डिस्कविषयी एक वाक्य आलं, दुसऱ्यात वेगाविषयी. तिसऱ्यात स्वतःच्या झोपेविषयी आलं, तेव्हा तिला स्वतःचीच शिसारी आली. शेवटी तीनच ओळी उरल्या. तिने त्या मोठ्याने वाचल्या.

“तुमच्या परिचारिकेने नोंद लिहिली होती. ‘जतन झालं’ असं आमच्या थराने सांगितलं, ते खोटं होतं. चूक माझी आहे, आणि हे पत्र तुम्ही कुणालाही दाखवू शकता.”

“खाली?”

“माझी सही.”

“तिच्याखाली माझी घाल,” सर म्हणाले.

तिने घातली. पाठवलं. पडद्यावर ‘गेलं’ असं उमटलं. तिने तो शब्द पुन्हा वाचला.

खालून हुसेनभाईंची हाक आली. “ओ बाय! येताय का? शेवटची खेप हाय. पाणी उतरलं तर मी होडी चिखलातनं ढकलनार नाय!”

ती उठली. लॅपटॉप पिशवीत घालू लागली.

“कुठे निघालीस?”

“शेवटची होडी, सर. ते पत्र… गेलं ना ते.”

“गेलं. पोचलं का?”

पिशवीचा बंद तिच्या हातात तसाच राहिला. खाली हुसेनभाईंनी पुन्हा हाक दिली, मग तिसऱ्यांदा नुसती शीळ. मग वल्ह्याचा आवाज, आधी जवळ, मग लांब… होडी दिव्याच्या खांबाला वळसा घालून गेली, तोवर दोघंही ऐकत होती.

शाल्मली खाली बसली. लॅपटॉप पुन्हा मांडीवर घेतला. पडद्यावर काही नवं आलं नव्हतं. तिने एकदा पाहिलं, थोड्या वेळाने पुन्हा पाहिलं. शेजारी सरांचा चेहरा पाण्याकडे होता, सकाळी होता तसाच, चष्म्याच्या काचा स्वच्छ.

“कधीपर्यंत बसायचं, सर?”

“एकोणीस वर्षं झाली. मी अजून बसलोय.”