बालबाजार

“...मग पोरांना पैसा शिकवायचाच नाही, असं म्हणायचंय का तुम्हाला?”

हुसेनबाबा काहीच म्हणाले नव्हते. गावाबाहेरच्या तकियात, आपल्या झोपडीपुढं, कडुलिंबाखाली बसून कफनीला ठिगळ लावत होते. हा म्हातारा फकीर तसाही मोजकंच बोलायचा. पण वैजनाथ मास्तरांना भांडायला कुणीतरी हवं होतं हो! घरात भांडायलाही कुणी उरलं नव्हतं. बायको लेकीचं दिवसकार्य उरकून माहेरी गेली, ती गेलीच.

पंचक्रोशीत मास्तरांचं नाव होतं. पहिलीतली पोरं, धड नाक पुसायची अक्कल नाही, पण वीसची नोट दिली की सुटे पैसे बरोब्बर परत करायची. मास्तर दरवर्षी शाळेत बालबाजार भरवायचे. पोरं घरून मेथी, लिंबं, उकडलेल्या शेंगा आणून विकायची, अन् आयाबाया कौतुकानं विकत घ्यायच्या.

यंदाचा बाजार शनिवारवर आला होता. आणि बाजारासाठी जमवलेल्या सुट्या नाण्यांची पिशवी घेऊन मास्तर इथं आले होते.

“माझी वेणू आठवते, बाबा?”

“लिंबं विकायची.”

“एक फुकट दिलं होतं तिनं. आंधळ्या सोजरबाईला. मी भर बाजारात उठवलं तिला. म्हटलं, जा, दोन रुपये मागून आण. हिशोब म्हणजे हिशोब!”

“आणले?”

“रडत रडत आणले. पण परत कधी चुकली नाही पोर.”

बोलताना जुना ताठा क्षणभर वर आला, आणि लगेच मास्तरांना स्वतःचीच शिसारी आली. जळलं मेलं ते शहाणपण!

बाबांनी दोरा दातानं तोडला.

“तापानं गेली, एवढंच गावाला ठाऊक आहे...” मास्तरांनी पिशवीची नाडी बोटाला गुंडाळली. “अंग तापायला लागलं त्या संध्याकाळी मला विचारते, ‘अण्णा, डॉक्टर किती घेतात?’ म्हटलं, शंभर. सुई टोचली तर दीडशे. बसली बोटांवर मोजत. मग म्हणाली, ‘मला बरं वाटतंय, अण्णा. डॉक्टर नको.’”

“मग?”

“मी...”

कडुलिंबावर कावळा ओरडला, उडाला.

“मी शाब्बास म्हणालो, बाबा.”

बाबांची सुई थांबली.

“तिची आई म्हणत होती, दाखवून आणू. मी म्हटलं, पोर स्वतःच सांगतेय ना, बरं आहे म्हणून? रोज तेच सांगत राहिली. तालुक्याला नेली तेव्हा शुद्धच नव्हती तिला.”

मास्तरांनी पिशवी बाबांच्या पुढ्यात आदळली. नाणी खळखळली.

“घ्या ही. भीक समजा, काहीही समजा. आता या हातानं एकाही लेकरापुढं नाणं ठेवायचं नाही मला. राजीनामा देतो!”

बाबांनी पिशवीकडे बघितलंही नाही. सुई कफनीत टोचून ठेवली, पुढं सरकले, आणि आपला खरखरीत तळवा मास्तरांच्या कपाळावर ठेवला.

“मला ताप नाही, बाबा.”

हात तसाच.

“बरा आहे मी. खरंच बरा...”

हात तसाच.

मग मात्र मास्तरांचा बांध फुटला. लेकीला पोचवतानासुद्धा ज्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, त्या माणसानं तिथंच, धुळीत बसून हंबरडा फोडला. वेणूच्या नावानं, तिच्या आईच्या नावानं, किती वेळ रडले कोण जाणे. पोटातलं सगळं बाहेर येईतो रडले. म्हाताऱ्यानं ना समजूत घातली, ना पाणी विचारलं. फक्त कपाळावरचा हात काढला नाही.

उन्हं कलली. मास्तरांनी उपरण्यानं तोंड पुसलं.

“शनिवारी पोरं येतील,” ते पुटपुटले. “टोपल्या घेऊन बसतील माझ्यापुढं. त्यांना काय सांगू?”

बाबांनी पिशवी उचलून त्यांच्या मांडीवर ठेवली.

“सांगू नको काही. बाजार भरव. आणि सगळ्या पोरांच्या देखत, मास्तर, एकदा हिशोबात चुकून दाखव.”