मार्करच्या मुलीचा परफ्यूम

“आणि यात खेळतंय कोण?” मीरासाहेबांनी विचारलं.

नव्या परफ्यूममध्ये बुडवलेली कागदाची पट्टी अजून त्यांच्या नाकाशीच होती.

वैजयंता हसली. प्रश्न तिला आवडला. वर पेअर आणि रासबेरी, मध्ये गुलाब आणि मोगरा, तळाशी वास धरून ठेवणारा व्हाइट मस्क, असं तिने सांगितलं. टेनिसच्या सगळ्यात मोठ्या मैदानावरची एक दुपार. नुकतंच कापलेलं गवत, पांढरे कपडे, पहिल्या रांगेतल्या बायकांच्या हातातली फळं. पॅरिसच्या कंपनीला तो परफ्यूम पसंत पडला होता. सोमवारी तिने शेवटचा होकार कळवला की बाटल्या भरायला घेणार होते.

“सुरेख,” मीरासाहेब म्हणाले आणि पट्टी बशीत ठेवली.

तिचा चेहरा उतरला.

मिरजेच्या याच अत्तराच्या दुकानात ती सात वर्षं शिकली होती. अत्तर पटलं तर उस्ताद काही बोलत नसत. कापसाचा फाया बुडवून स्वतःच्या कानात खोचत. नाही पटलं तर सुरेख म्हणत. तिचा एकही फाया आजवर त्या कानापर्यंत पोचला नव्हता. आज पोचावा म्हणूनच ती पॅरिसहून इथे आली होती.

“काय चुकलं?”

“चुकलं काहीच नाही. खेळतंय कोण, तेवढं सांग.”

“खेळणाऱ्याचा घाम कोणी बाटलीत भरत नाही, उस्ताद.”

“मीही नाही भरला कधी.”

त्यांनी उजवं मनगट पुढे केलं. “कागद पुरे. इथे लाव.”

तिने लावला. चहा मागवला गेला. चहा संपेपर्यंत हुंगायचं नाही, हा दुकानाचा जुना नियम.

कप खाली ठेवून त्यांनी हात तिच्यासमोर धरला. “कशाचा वास येतो?”

“माझ्या परफ्यूमचा,” ती म्हणाली. आवाजात ताठा होता. “बारा तास असाच राहील. त्याच्यापुढे दुसरं काही उभं राहत नाही.”

“आणि माझा?”

तिने पुन्हा हुंगलं.

त्या मनगटात साठ वर्षं लावलेलं वाळ्याचं अत्तर मुरलं होतं. उस्ताद आत आले की ती पाठमोरी असतानाही ओळखायची.

वाळा नव्हता.

…

“तुझे वडील कसे खेळायचे?” मीरासाहेबांनी विचारलं.

शामराव साळोखे गावातल्या क्लबवर मार्कर होते, म्हणजे मेंबरांशी टेनिस खेळायला पगारावर ठेवलेला माणूस. त्यांना जाऊन चैत्रात दोन वर्षं झाली होती. ती आल्यापासून त्यांचं नाव दोघांनीही काढलं नव्हतं.

तिला जरा वेळ लागला.

“हरायचे,” ती म्हणाली.

मग तिने सांगितलं. लहानपणी ती तारेच्या कुंपणाशी बसून बघायची. धापा टाकणाऱ्या वकील-डॉक्टरांच्या नेमक्या रॅकेटवर बाबा बॉल नेऊन द्यायचे. प्रत्येकाला बरोबरीला आणायचे, रस्त्यापलीकडे ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात “ड्यूस” पुकारायचे आणि मग अगदी थोडक्यात हरायचे. पहाटे कोर्ट रिकामं असताना त्यांचा खरा हात तिने पाहिला होता. तो बॉल कोणाच्याही बापाला परत मारता आला नसता. अकराव्या वर्षीच तिने ठरवलं होतं, आपण जे करू ते त्या पहाटेच्या हातासारखं करायचं.

“यातला एकही बॉल परत येत नाही, उस्ताद. मुद्दाम.”

“हं,” मीरासाहेब म्हणाले. “ते कळलं मला.”

त्यांनी बशीतली पट्टी उचलली, पाहिली, परत ठेवली.

“गुळवणी वकील आठवतात?”

“जाडे. रॅकेट पंख्यासारखी धरायचे.”

“तेच. खेळून सरळ इथे यायचे, फाया घ्यायला. घामाने निथळत. रोज एकच सांगायचे. मीरासाहेब, आज मी फार छान खेळलो.”

तिने बशीतली पट्टी स्वतःकडे ओढली.

“तीस वर्षं, पोरी. कितीतरी जण येऊन गेले. शामराव छान खेळले, असं एकजणही म्हणाला नाही.”

…

समोरच्या दुकानात कोणीतरी सतारीची तार पिळत होतं. सूर चढला, डळमळला, थांबला.

वैजयंताने पेटी उघडली. रासबेरीची कुपी हातात घेतली आणि न उघडता परत ठेवली. मोगराही ठेवून दिला. पेअर, गुलाब आणि गवत एवढंच घेतलं. मस्कचे अकरा थेंब पडायचे तिथे एकच टाकला.

मीरासाहेब बाटल्या पुसत होते. तिच्याकडे पाहत नव्हते.

“आता किती टिकेल?”

“चार तास. फार तर पाच.”

“पॅरिस काय म्हणेल?”

“पॅरिसला मी सांगेन,” ती म्हणाली. “सोमवारी.”

या वेळी तिच्या आवाजात ताठा नव्हता. भीतीही नव्हती.

त्यांनी फडकं बाजूला ठेवलं आणि डावं मनगट पुढे केलं. तिने लावला. पुन्हा चहा आला. दोघांनीही तो सावकाश घेतला.

आधी तिने हुंगलं. पेअर होता, थंड. मग गुलाब. आणि गुलाबाच्या मागून, कोणी दार लोटून आत यावं तसा, वाळा.

तिने त्यांचं मनगट त्यांच्याच नाकाकडे सरकवलं.

मीरासाहेबांनी डोळे मिटले. मग कापूस चाचपला, दोन बोटांत वळला, मनगटावर टेकवला आणि कानात खोचला.

आणि ऐंशी वर्षांच्या फाटक्या आवाजात, रस्त्यापलीकडे ऐकू जाईल असं म्हणाले, “ड्यूस.”