पिंजूचा मिटलेला डोळा

एक होतं कोंबडीचं पिल्लू. पिवळं पिवळं. पिंजलेल्या कापसासारखं हलकं. म्हणून तिचं नाव पिंजू.

पिंजू आली बाजारातून. टोपलीत बसून आली. टोपलीतली बाकीची पिल्लं वाटेत दुसऱ्या घरी गेली. पिंजू एकटी या घरी आली.

या घरात होत्या आत्याबाई. आणि होती त्यांची नवी सून, रेवतीवहिनी.

वहिनी हळूच म्हणाली, "आत्याबाई, हिला चार दिवस वेगळी ठेवू या का?"

आत्याबाई म्हणाल्या, "आल्या आल्या वेगळी? आपल्या घरात तसं नाही हो. आली की मिसळायचं. तुला ठेवली होती का वेगळी?"

वहिनीनं टोपली उचलली.

पिंजू खुराड्यात गेली. खुराडं म्हणजे कोंबड्यांचं घर. तिथे होती कवडी कोंबडी. कवडीची होती सहा पिल्लं. खाली सगळं ओलं ओलं. वास अस्सा, की नाक झोंबावं.

एक दिवस गेला. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी पिंजू उठली. एक डोळा उघडला. दुसरा उघडेना.

डोळा सुजला होता. डोळ्यातून पाणी येत होतं. फिस्क् फिस्क्. शिंकाही येत होत्या.

आत्याबाईंनी दाणे टाकले. टप टप टप टप. पिल्लं धावली. पिंजूही धावली, तुरुतुरु तुरुतुरु. दाणा पडला मिटल्या डोळ्याच्या बाजूला. पिंजूला दिसलाच नाही. दुसऱ्यानं खाल्ला. पुन्हा दाणा पडला. पुन्हा दिसला नाही. पुन्हा दुसऱ्यानं खाल्ला.

पिंजू म्हणाली,
"डोळा उघडेना, दाणा दिसेना.
दाणाच नाही, तर मी मोठी कशी होऊ?"

पिंजू गेली वहिनीकडे. तुरुतुरु तुरुतुरु. फिस्क्.

"वहिनी वहिनी, डोळा धू ना.
वहिनी डोळा धुईल, तर डोळा उघडेल.
डोळा उघडेल, तर दाणा दिसेल."

वहिनी खाली बसली. तिनं पिंजूचा डोळा नीट पाहिला. म्हणाली, "गार पाण्यानं दुखेल गं तुला. आत्ता नाही धुणार. पाणी तापेल, तर धुईन."

पिंजू गेली तपेलीकडे. तुरुतुरु तुरुतुरु. फिस्क्.

"तपेलीताई तपेलीताई, पाणी तापव ना.
पाणी तापेल, तर वहिनी डोळा धुईल.
वहिनी डोळा धुईल, तर डोळा उघडेल.
डोळा उघडेल, तर दाणा दिसेल."

तपेली म्हणाली, "मी काय आपली आपण तापते? नाही तापवणार. चूल पेटेल, तर तापवीन."

पिंजू गेली चुलीकडे. तुरुतुरु तुरुतुरु. फिस्क्.

"चूलबाई चूलबाई, पेट ना.
चूल पेटेल, तर पाणी तापेल.
पाणी तापेल, तर वहिनी डोळा धुईल.
वहिनी डोळा धुईल, तर डोळा उघडेल.
डोळा उघडेल, तर दाणा दिसेल."

चूल म्हणाली, "सकाळपासून वहिनी फुंकून फुंकून दमली. माझ्या पोटात राख भरलीय गळ्यापर्यंत. नाही पेटणार. राख निघेल, तर पेटेन."

पिंजू गेली राखेकडे. राख तिथेच होती, चुलीत. ऊबदार. अर्धी झोपलेली.

"राखआजी राखआजी, नीघ ना.
राख निघेल, तर चूल पेटेल.
चूल पेटेल, तर पाणी तापेल.
पाणी तापेल, तर वहिनी डोळा धुईल.
वहिनी डोळा धुईल, तर डोळा उघडेल.
डोळा उघडेल, तर दाणा दिसेल."

राख म्हणाली, "निघू कुठे, बाई? मी पडते खुराड्यात, कोरड्या जमिनीवर. तिथे तर घाण साचलीय. नाही निघणार. खराटा झाडेल, तर निघेन."

पिंजू गेली खराट्याकडे. तुरुतुरु तुरुतुरु. खांबाला आपटली. ठप्. त्या बाजूचं तिला दिसत नव्हतं ना. फिस्क्.

"खराटादादा खराटादादा, खुराडं झाड ना.
खराटा झाडेल, तर राख निघेल.
राख निघेल, तर चूल पेटेल.
चूल पेटेल, तर पाणी तापेल.
पाणी तापेल, तर वहिनी डोळा धुईल.
वहिनी डोळा धुईल, तर डोळा उघडेल.
डोळा उघडेल, तर दाणा दिसेल."

खराटा कोपऱ्यात उभा होता. म्हणाला, "झाडलं असतं गं. पण मध्ये कवडी बसलीय. तिला ऊठ म्हणायचं? ती टोचते. नाही झाडणार. कवडी उठेल, तर झाडीन."

पिंजू गेली कवडीकडे. आता हळूहळू. तुरु... तुरु... दमली होती ती. फिस्क्.

"कवडीमावशी कवडीमावशी, ऊठ ना.
कवडी उठेल, तर खराटा झाडेल.
खराटा झाडेल, तर राख निघेल.
राख निघेल, तर चूल पेटेल.
चूल पेटेल, तर पाणी तापेल.
पाणी तापेल, तर वहिनी डोळा धुईल.
वहिनी डोळा धुईल, तर डोळा उघडेल.
डोळा उघडेल, तर दाणा दिसेल."

कवडीनं पंख आणखी पसरले. तिची सहा पिल्लं पंखांखाली होती.

"तिथेच थांब," कवडी म्हणाली. "तुझा डोळा मिटलाय. तुला शिंका येतात. तुझं दुखणं माझ्या पिल्लांना लागलं, तर? नाही उठणार. पिंजू दूर जाईल, तर उठेन."

"किती दूर?" पिंजूनं विचारलं.

"अंगणाच्या त्या टोकाला. त्या डालग्याखाली."

डालगं म्हणजे मोठी पालथी टोपली. एका दगडावर कलती टेकवलेली होती.

"किती दिवस?"

"डोळा बरा होईपर्यंत. आणि वर आणखी थोडे."

"एकटी?"

"एकटी," कवडी म्हणाली. "मी रागावले नाहीये. पण एकटीच."

पिंजू उभी राहिली. आता पुढे कुणाकडे जायचं? पुढे कुणीच नव्हतं. आता पिंजूचीच पाळी होती.

पिंजूनं डालग्याकडे पाहिलं. आत अंधारं अंधारं. तिनं पिल्लांकडे पाहिलं. ती एकमेकांना चिकटून बसली होती.

मग पिंजू आपली आपणच म्हणाली,
"पिंजू दूर जाईल, तर कवडी उठेल.
कवडी उठेल, तर खराटा झाडेल.
खराटा झाडेल, तर राख निघेल.
राख निघेल, तर चूल पेटेल.
चूल पेटेल, तर पाणी तापेल.
पाणी तापेल, तर वहिनी डोळा धुईल.
वहिनी डोळा धुईल, तर डोळा उघडेल.
डोळा उघडेल, तर दाणा दिसेल."

आणि पिंजू गेली. तुरुतुरु तुरुतुरु. अंगणाच्या टोकाला. डालग्याखाली. एकटी.

पिंजू दूर गेली, कवडी उठली. कॉक् कॉक् कॉक्.
कवडी उठली, खराट्यानं झाडलं. खर्रर खर्रर.
खराट्यानं झाडलं, राख निघाली. भुसभुस भुसभुस.
राख निघाली, चूल पेटली. धडधड धडधड.
चूल पेटली, पाणी तापलं. सूं सूं सूं.

आत्याबाई सगळं बघत होत्या. म्हणाल्या, "कवडीचं आणि तुझं एकच मत दिसतंय."

वहिनीनं तपेली उतरवली. पाण्यात चिमूटभर मीठ टाकलं. पाणी कोमट होऊ दिलं. मऊ फडकं घेतलं.

पाणी तापलं, वहिनीनं डोळा धुतला. हळू हळू. अगदी हळू.

डोळा उघडला?

नाही उघडला.

वहिनीनं साबणानं हात धुतले. डालगं खाली टेकवलं. पिंजूला वेगळी वाटी ठेवली. पिंजू रात्रभर एकटीच झोपली.

दुसऱ्या दिवशी आत्याबाई सकाळीच कुठे तरी गेल्या. जनावरांच्या दवाखान्यात गेल्या होत्या. येताना थेंबांची बाटली घेऊन आल्या.

"डॉक्टर म्हणाले, नवं पिल्लू आणलं की आधी वेगळं ठेवायचं असतं," आत्याबाई म्हणाल्या. मग बाटली उघडत म्हणाल्या, "मला कुठे माहीत होतं? धर तिला. मी थेंब घालते."

वहिनीनं डोळा धुतला. आत्याबाईंनी थेंब घातला. टिप्. डोळा उघडला?

थोडासा. तांदळाच्या कणीएवढा.

पुन्हा धुतला. पुन्हा थेंब. टिप्. तिसरा दिवस गेला. चौथा दिवस गेला. शिंका कमी झाल्या. मग थांबल्या.

पाचव्या दिवशी पिंजू उठली. एक डोळा उघडला. दुसराही उघडला.

तरी पिंजू आणखी थोडे दिवस डालग्याखालीच राहिली. तसं ठरलं होतं ना.

मग एक दिवस वहिनीनं डालगं उचललं. पिंजू बाहेर आली. कवडी पुढे आली. मान वाकडी करून बघू लागली.

"हा डोळा दाखव."

पिंजूनं दाखवला.

"तो दाखव."

तोही दाखवला.

"शिंक?"

"नाही येत."

कवडी बाजूला झाली. पिल्लांमध्ये एक जागा रिकामी झाली. पिंजू त्या जागेत जाऊन उभी राहिली.

वहिनीनं ज्वारीचे दाणे टाकले. टप टप टप टप. एक दाणा पडला पिंजूच्या बऱ्या झालेल्या डोळ्याच्या बाजूला. सगळी पिल्लं धावली. पिंजू आधी पोचली.

टुक्.

दाणा गेला पिंजूच्या पोटात, आणि गोष्ट पोचली तुमच्या कानात.