तांबट आळीचा थाळा

फार पूर्वी, घाटाखालच्या एका गावात तांबटांची एक आळी होती. आळी इतकी अरुंद, की समोरासमोरच्या ओट्यांवर बसलेली माणसं ओणवी होऊन, हात लांब करून एकमेकांच्या हातात सुपारी ठेवत. दिवसभर तिथे हंड्या-घागरींवर हातोडे पडत. पाहुण्याचे कान बधिर व्हायचे; आळीकरांना मात्र त्या आवाजाशिवाय जेवण गोड लागत नसे.

त्या आळीत एक म्हातारा तांबट राहायचा. सगळे त्याला तात्या म्हणत. गिऱ्हाईक आलं, की तो घागर दाखवण्याआधी आपलं लहानपण दाखवायचा.

"आमच्या वेळी आळीच्या तोंडाशी तांब्याचा हा एवढा थाळा टांगलेला असायचा," तो सांगे. "गाडीवान तिथे खाली उतरून थाळ्यावर टोला द्यायचा. पहिल्या घरातला हातोडा थांबायचा, मग दुसऱ्यातला, मग तिसऱ्यातला. हातोडे थांबले, की रस्त्यात खेळणारी आम्ही पोरं धूम ओट्यावर! गाडीवान बैलांना धरून पायी पायी पलीकडे जायचा. काय ती शांतता! बैलांची घुंगरं तेवढी ऐकू यायची."

थाळ्याचं पुढे काय झालं, हे मात्र तो सांगत नसे. कसा सांगणार? एका लग्नसराईत तांबं कमी पडलं, तेव्हा त्यानेच थाळा उतरवून त्याची परात ठोकली होती. उद्या नवा टांगू, असं म्हणाला होता. त्या उद्याला चाळीस वर्षं झाली.

एके वर्षी एका शेठने आळीमागची आमराई विकत घेतली. तिथे साठ घरं उठणार होती, आणि जायला वाट एकच, आळीतून.

"साठ घरं म्हणजे साठ गाड्या! आमची पोरं खेळायची कुठे?" बायका म्हणाल्या. भीती काही खोटी नव्हती.

आळीच्या पंचाने राजाच्या कारभाऱ्याला अर्ज लिहिला. लिहिताना त्याला आळीचा अभिमान जरा जास्तच चढला. 'आमच्या आळीत रोज वीस गाड्या जातात, पण आजवर एकाही मुलाला चाक लागलेलं नाही. नव्या घरांमुळे आमची ही सुरक्षित आळी बुडेल.' सर्वांत वडील म्हणून साक्ष द्यायची होती तात्याने.

ओट्यावर त्याची सात वर्षांची नात यमू पाय लांब करून बसली होती. दिवाळीनंतर पंचाचीच गाडी तिच्या पायावरून गेली होती. गाडीत हंडे होते तात्याचे. हातोड्यांच्या गलक्यात पोरीला गाडी ऐकूच आली नाही. तेव्हापासून ती लंगडत होती.

"अरे, पण आमची यमू..." तात्या म्हणाला.

"तात्या, झाकली मूठ सव्वा लाखाची!" पंच म्हणाला. "आपल्याच गाडीने आपलीच पोर जखमी केली म्हटल्यावर कारभारी शेठला कशाला अडवतील?"

ठरल्या दिवशी सगळे चावडीवर जमले. तात्याने यमूला कडेवर आणलं होतं. कारभाऱ्याने अर्ज मोठ्याने वाचला. शेठ खुशीत उभा राहिला.

"ऐकलंत ना सरकार? रोज वीस गाड्या जातात आणि एका पोराला ओरखडा नाही! इतकी चांगली वाट असताना वेगळा रस्ता काढा कशाला? आणखी साठ गाड्या सुखाने जातील."

पंचाचा चेहरा पडला. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा मारून घेतला, हे त्याला आत्ता कळलं. कारभाऱ्याने लेखणी उचलली आणि विचारलं, "आजोबा, यात लिहिलंय ते खरं ना?"

होय म्हणावं, तर आळीची अब्रू राहील आणि पोरं जातील चाकाखाली. नाही म्हणावं, तर सगळ्यांत आधी आपलंच पाप बाहेर येईल. त्याने यमूचा वाकडा झालेला पाय हातात धरला.

"खोटं आहे, सरकार. गाडी आमची, हंडे माझे आणि पाय माझ्या नातीचा. पोरांना सावध करणारा थाळा होता, तोही मीच उतरवला. वीस गाड्यांनी हे झालं. आणखी साठ आल्यावर काय होईल, ते तुम्हीच सांगा."

मग कारभारी म्हणाला, "शेठ, घरं बांधा, लोकांना ती हवीच आहेत. पण आधी नदीच्या अंगाने गाडीरस्ता करा. तोवर एक वीट रचायची नाही. नव्या घरांतली माणसं आळीतून जातील ती पायी." मग तात्याकडे वळून त्याने विचारलं, "आणि तुमच्या वीस गाड्यांचं काय?"

"ते माझ्याकडे लागलं," तात्या म्हणाला.

त्याने घरचा आंघोळीचा बंब मोडला. आठ दिवस ठोकून थाळा केला आणि आळीच्या तोंडाशी टांगला.

दुसऱ्या दिवशी पहिली गाडी आली ती पंचाची. तो खाली उतरला, मान खाली घालून त्याने टोला दिला. पहिल्या घरातला हातोडा थांबला, मग दुसऱ्यातला, मग तिसऱ्यातला. पोरं ओट्यांवर पळाली. यमूला पळता येत नव्हतं. ती लंगडत लंगडत गेली, आणि तिचे दोन्ही पाय पायरीवर टेकेपर्यंत पंच बैलांना धरून उभा राहिला. मग गाडी हलली. सगळ्या आळीत फक्त घुंगरं वाजत होती.

तात्याचे डोळे भरून आले. "यमे, ऐकलंस? आमच्या वेळी अगदी असंच होतं बघ."

"आता आमच्या वेळी पण आहे," यमू म्हणाली.

तात्पर्य: परक्याच्या गाडीची भीती सांगायची असेल, तर आधी आपल्या गाडीची गोष्ट खरी सांगावी.