उरलेला तेरावा

एका गावात सोपान नावाचा एक भोळा होता. भोळा हे आपलं त्याच्या आईच्या तोंडचं. गाव त्याला सरळ ठोंब्या म्हणायचं, आणि गावाचं काही चुकत नव्हतं. घोडा वाढला होता, अक्कल मात्र पाळण्यातच राहिली होती.

बहीण शेवंता लाखात एक. पण तिची सोयरीक जुळेना. मुलाकडचे यायचे, सोपानशी दोन शब्द बोलायचे आणि चहा न पिताच उठायचे. यंदा एक बरं स्थळ आलं होतं. तेही गेलं तर पोरगी घरातच राहणार, म्हणून आई गिरजाबाईच्या जिवाला घोर लागला होता.

पाहुण्यांसाठी मामाच्या बागेतले पेरू आणायचे होते. आई म्हणाली, "सोप्या, बाराच आण. बारा गुणी आकडा. दोघांत वाट, तिघांत वाट, चौघांत, सहांत वाट, कुणी कुरकुरत नाही. तेरा नको बाबा. कसेही वाट, एक उरतोच, आणि त्याच्यावरून भांडणं."

"बरं," सोपान म्हणाला.

मामाने मायेने तेरा दिले. हा बसला वाटेत वाटणी करत. दोघांत केली, एक उरला. तिघांत केली, एक उरला. चौघांत, सहांत, मेला उरलाच! खाणारं कुणी जवळ नव्हतं, पण ह्याची वाटणी जोरात. शेवटी त्याने एक पेरू विहिरीत भिरकावला आणि घरी येऊन छाती फुगवून सांगितलं.

"मुडद्या, खायची वस्तू फेकतात का? उरलं तर पोटात घालावं!"

"बरं."

मग शेवंताच्या न्हाण्यासाठी रिठे आणायला पाठवला. दुकानदाराने मूठभर दिले. निघाले तेरा. सोपानने एक कराकरा चावून खाल्ला. तोंडाला हा फेस! गाव गोळा झालं. कुणी कांदा हुंगवला, कुणी चप्पल. हा फेसातूनच म्हणतो, "बारा केले, आई!"

गिरजाबाईने डोकं धरलं. "अरे, दिसेल ते खायचं नसतं! उरलं तर जिथून आलं तिथं परत पाठवावं. हात जोडून, गोड बोलून."

"बरं."

पाहुणे आले. जीपमधून काका-काकू, मामा-मामी, आत्या आणि तिचा नवरा, असा बाराजणांचा गोतावळा उतरला. मागून मोटारसायकलवर एक देखणा तरुण आला. सोपान फाटकात उभा. मोजले तर तेरा! त्याला घाम फुटला. आज भांडण झालं तर शेवंताचं कसं व्हायचं? त्याने दोघादोघांना आत सोडलं. सहा जोड्या लागल्या. तो तरुण उरला.

सोपानने हात जोडले. गोड आवाजात म्हणाला, "दादा, तुम्ही जास्तीचे आहात. जिथून आलात तिथं परत जा." तरुण लालबुंद झाला, गाडीला किक मारली आणि गेला.

गिरजाबाई पोहे घेऊन बाहेर आली. "मुलगा कुठाय?"

"तो होय? सगळ्यांच्या जोड्या लागल्या, त्यालाच बायको नव्हती. पाठवला परत."

"अरे देवा! तोच तर नवरदेव!"

"काहीतरीच काय, आई," सोपान समजुतीने म्हणाला. "ज्याच्याकडे साधी बायको नाही, अशा माणसाला आपली शेवंता द्यायची?"