आडवण्याचं हातांचं गाऱ्हाणं

पावण्यांनो, घंटा वाजवू नका, बसून घ्या. आमच्या आडवणे गावात जत्रेचं पहिलं गाऱ्हाणं तोंडाने नाही, हातांनी घालतात. हसलात तरी चालेल, बाहेरगावचे हसतातच.

राणीच्या राज्यातली गोष्ट. नाबर मास्तर सरकारी शाळा सोडून इथे आले आणि पंचक्रोशीतली बहिरी-मुकी मुलं देवळाच्या या धर्मशाळेत जमवून त्यांना खुणांनी शिकवू लागले, असं सांगतात. तशी शाळा तोवर कुणी ऐकलीही नव्हती. लोक म्हणत, मास्तर माकडं नाचवतो. त्यात गुरं दगावली आणि खापर फुटलं मुक्या मुलांवर. शाळा ठेवायची की उठवायची, देवीचा कौल घ्यावा असं ठरलं.

कौलाआधी गाऱ्हाणं लागतं. एकाने देवीकडे मागायचं, गावाने 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. मग देवीला लावलेली कळी उजवीकडे पडली तर होकार. गाऱ्हाणं घालणारा घाडी मास्तरांना म्हणाला, "तुमीच घाला. पोरां काय बोलतली?"

मास्तर म्हणाले, "गाऱ्हाणा तेंचा. मी घातलंय तर इतकी वर्सा तेंका काय शिकयलंय?"

आणि त्यांनी भागीला पुढे केलं. भागी घाड्याचीच मुकी लेक. घरी ती आईशी हातांनी बोलायची, बाप बघून न बघितल्यासारखं करायचा. तिने हात हलवले. होकार कशाला द्यायचा तेच गावाला कळेना, आणि होकाराशिवाय गाऱ्हाणं फुकट. मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं म्हणे.

घाड्याला मात्र घरी बघून बघून तिच्या खुणा कळत होत्या. भागी आधी गुरांसाठी मागत होती. मग तिने छातीवर मूठ ठेवून बापाकडे बोट केलं. घाड्याला खोकल्याची जुनी व्याधी होती. शाळेचं ती सगळ्यात शेवटी मागत होती. घाड्याचे डोळे भरून आले आणि तो मोठ्याने म्हणाला, "व्हय म्हाराजा!" त्याच्यामागून सगळा गाव म्हणाला. कळी उजवीकडे पडली. शाळा मास्तरांच्या हयातभर इथेच भरली.

आजही त्या घराण्यातला घाडी, आवाज खणखणीत असला तरी, पहिलं गाऱ्हाणं हातांनीच घालतो. दरवर्षी मागणं नवं असतं, त्यामुळे पाठ करून भागत नाही. गावातलं प्रत्येक मूल मुळाक्षरांबरोबर खुणा शिकतं. तो बघा, उभा राहिला. तुम्हीही 'व्हय म्हाराजा' म्हणा, पण तो काय मागतोय ते आधी मला विचारा.